पेटीतून

शाल्वा, तिबिलिसीहून इतक्या लांब आलास,
आधी पाणी पी.
मग विचार, नाटकाचं आशयसूत्र काय.

एकतीस वर्षं मी प्रॉम्प्टर आहे, ओझुर्गेतीत, याच थिएटरात.
रंगमंचाच्या पोटात एक पेटी, पेटीत मी,
चाळीसचा बल्ब, गुडघ्यांवर शाल, शालीवर संहिता.
प्रेक्षकांना मी दिसत नाही
आणि मला पात्रं दिसतात ती घोट्यापर्यंत.
तेव्हा जे सांगेन ते जमिनीकडून सांगेन.
चालेल का तुझ्या सरांना?

लिही. इपोलिते.
चहाचा मळा गहाण टाकणारा नवरा.
तिसऱ्या अंकात बायकोसमोर मान खाली घालून उभा राहतो.
त्या पश्चात्तापावर दोन प्रबंध झालेत, एक जर्मनमध्ये.
छान जाड आहेत.
पण माझ्यादेखत या भूमिकेत चार नट झाले,
एक वारला, एक टीव्हीवर गेला,
आणि चौघांचीही उजवी टाच
"क्षमा कर" म्हणायच्या आधीच
उचललेली असायची.
कुणी शिकवलं नव्हतं.
वाक्यच तसं आहे,
दाराकडे तोंड करून लिहिलेलं.

एफेमिया. त्याची बायको.
सोशिक, म्हणतात सगळे.
शाळेत तिच्या त्यागावर पाच गुणांचा प्रश्न येतो.
तू बुटाचं टोक बघ.
आत अंगठा हलतोय.
रडता रडता हिशेब चाललाय:
मळ्याचे किती, घराचे किती,
आणि हा गेल्यावर उरतील किती.
मला ती फार आवडते.

आता दोमना.
असं दचकून यादी चाळू नकोस, आहे ती,
अगदी तळाशी, पोस्टमनच्याही खाली.
मोलकरीण. एकच वाक्य:
"दिवा लावू का?"

कुणी उत्तर देत नाही.
एफेमिया पत्र वाचत असते,
इपोलिते खिडकीशी,
पाहुणे गहाणखतावर बोलत असतात.
पडदा पडतो.
उघडतो तेव्हा दिवा लागलेला.

मी संहिता पालथी घातली, रे.
कंसातसुद्धा कुठे नाही
कुणी सांगितलं, कधी लावला, हात भाजला का.
आणि त्याच उजेडात
ती सगळी मोठी माणसं एकमेकांचे चेहरे वाचतात,
समीक्षकही.

गेल्या मार्चातली गोष्ट.
हीटर बंद, प्रेक्षक सतरा.
दोमना करायला नवी मुलगी आली होती, त्सियाला,
पहाटे बेकरीत काम करते.
नाटकाचे बूट तिला होत नाहीत म्हणून स्वतःचेच घालते,
शिवणीत पीठ अडकलेले.
"दिवा लावू का?"
आणि मी,
जिनं एकतीस वर्षांत स्वतःचा एक शब्द
त्या भोकातून वर जाऊ दिला नव्हता,
म्हणाले,
"लाव गं."

पिठाचे बूट वळले.
माझ्याकडे.
आजवर माझ्याकडे बूट वळले
ते फक्त वाक्य विसरलेल्यांचे.
हिला तर वाक्य येत होतं.

वर गडबड झाली. इपोलितेचं पुढचं वाक्य हरवलं,
ते मी दिलं. तेवढंच माझं काम.
दिग्दर्शक नंतर ओरडला.
बरोबर आहे त्याचं, चूक ती चूक.

मी पुन्हा तसं केलं नाही.
पण त्सियाला आता ते वाक्य बोलून
थांबते.
मी मोजलंय, चार श्वास.
लोकांना वाटतं नटीला काही आठवत नाहीये.
कुणी खोकतं, कुणी खुर्चीत सरकतं,
परवा तर एफेमियानंही पत्रातून मान वर केली,
म्हणजे केली असावी;
मला फक्त अंगठा दिसला.
थांबलेला.

आशयसूत्र ना?
प्रयोग साडेसहाला आहे. शेवटची बस चुकेल, चुकू दे,
त्सियालाच्या आईकडे खाट आहे.
मागे बसू नकोस, तिथून नुसती तोंडं दिसतात.
पहिल्या रांगेत बस.
आणि बूट पुसून ये,
तुझेही मला दिसतील.