दहापैकी तीन

सकाळी सातला या कोपऱ्यावर उभी राहते मी,
हातात 'थांबा' लिहिलेली लाल पाटी,
अंगात पिवळं जाकीट, बाहीची शिवण दोनदा उसवलेली.
फिलाडेल्फियाच्या या एकाच चौकात एकोणीस वर्षं.
त्याआधी याच दारातून धावत आत जाणारी,
रोज उशीर होणारी व्हरलीन, तीही मीच.

एका मार्चमध्ये जोडपं आलं. बाबागाडी,
फोनवर विकाऊ घराचा फोटो, खाली शाळेचा आकडा:
दहापैकी तीन.
बाई म्हणाली, "शाळा कशी आहे हो?"
आणि मग, आवाज आणखी उतरवून,
"म्हणजे... मुलं कशी असतात?"

काय सांगू?
दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला पिशवी बांधलीय,
पाण्यात शिसं आहे म्हणतात.
ग्रंथालयाला कुलूप; किल्ली कोणाकडे
ते मुख्याध्यापकबाईंनाही आठवत नाही.
जानेवारीत बॉयलर बसला तेव्हा
चौथीच्या वर्गाने हातमोजे घालून भागाकार केले.
खोटं कशाला बोलू? तीन म्हणजे तीन.

पण सोफिआक आजीचा हात धरून येतो,
तिची ख्मेर, डॉक्टरच्या चिठ्ठीतलं इंग्रजी,
मध्ये हा नऊ वर्षांचा पूल, नाक पुसत.
विडलीन हैतीहून आली, महिनाभर मुकी;
तोंड उघडलं ते स्पॅनिशमध्ये,
कारण शेजारी योमायरा बसायची.
आल्बानियन जुळे तर भांडतात माझ्या बोलीत,
माझ्या आईच्या ठेवणीतल्या शिव्यांसकट.
याचे गुण कुठल्या रकान्यात भरतात
मला माहीत नाही.
आणि यानं बॉयलर तापत नाही, तेही खरंच.

"गाड्या जोरात येतात इथे, जपा,"
एवढंच बोलले.

घर घेतलं त्यांनी. दार निळं रंगवलं.
बाबागाडीतला आता सहा वर्षांचा आहे.
पावणेआठला त्याची बस येते,
नदीपलीकडच्या, आठ गुणांच्या शाळेची.
तो खिडकीतून हात हलवतो, मी पाटी हलवते.

परवा ती बस माझ्यापुढे थांबलेली,
पोरांची रांग रस्ता ओलांडत होती.
सगळ्यांत मागे सोफिआकची धाकटी बहीण,
बुटाची नाडी सुटलेली.
ती भर रस्त्यात खाली बसली.
सहाव्या वर्षी नाडी बांधायला वेळ लागतो.
काचेला नाक चिकटवून तो बघत होता.
मागून भोंगे सुरू झाले, कोणीतरी ओरडलं.

मी वाकले नाही. पाटीही खाली केली नाही.
पहिली गाठ सुटली.
तिने जीभ बाहेर काढून दुसरी घातली.