कंसातले आकडे

टांपेरेच्या ग्रंथालयात, तळघरात,
माझं काम एवढंच :
एका नावाच्या चार बँडना
चार वेगळ्या खणांत झोपवायचं.

लुम्मे म्हणजे कुमुदिनी.
या देशात तळी किती, आणि तळ्याकाठी
गिटार घेऊन बसलेली पोरं किती,
हे होणारच होतं.

केमीचं लुम्मे चौऱ्याहत्तरचं,
कागदाच्या गिरणीतले चौघं, रात्रपाळी संपवून वाजवणारे.
अख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं,
मध्यावर ऑर्गन वाट चुकतो
आणि त्याला कुणी हाक मारत नाही.
लाहतीच्या तिघी, सतराच्या आतल्या,
दीड दीड मिनिटाची सहा गाणी,
सहाही गणिताच्या एकाच मास्तरवर.
योएन्सूचे टँगो वाजवत, नाचघरांतून, लग्नांतून.
पदरमोड करून एक तबकडी काढली
तर छापखान्यानं नावातला एक म खाल्ला.

आणि ही कॅसेट.
वर निळ्या बॉलपेननं फक्त नाव.
साल नाही, गाव नाही, तक्रार नाही.

नावाच्या भाऊबंदांत वाटणी करायची तर
गाणं ऐकून भागत नाही.
मी गाण्याच्या कडेला कान लावतो :
विजेची घरघर कुठल्या पट्टीत,
खुर्ची लाकडी की लोखंडी,
ढोलवाला डावरा आहे का.
बोलीवर भरवसा नको.
'मी'ला 'मिए' म्हणणारा पूर्वेचा असतो तसा
पार उत्तरेचाही असतो.
या एका शब्दापायी मी
वर्षभर केमीची गाणी योएन्सूच्या खणात ठेवली होती.
कुणाचं काही बिघडलं नाही, हे खरं.
मला मात्र झोप लागेना.

नोव्हेंबरात एक बाई आली. ऐला तुरपेइनेन.
लोकरी टोपी काढली, कानातलं यंत्र नीट बसवलं.
म्हणाली, वेइक्को लुम्मेत बास वाजवायचा,
आमची ओळख होण्याआधी.
घरात एक कागदसुद्धा ठेवला नाही त्यानं.
मेमध्ये गेला.

मला उत्तर माहीत होतं.
योएन्सूच्या नाचघराच्या बिदागीच्या वहीत
त्याची सही आहे, दोनदा, चाळीस मार्कांपुढे.
मी टँगो लावला.
ती सभ्यपणे ऐकत राहिली,
दुसऱ्याच्या घरचा अल्बम बघावा तशी.
'हा नव्हे.'
वहीतली सही दाखवली.
'सही त्याचीच,' ती म्हणाली, 'पण हा तो नव्हे.'

मग ओळीनं सगळे.
गिरणीवाल्यांच्या पाऊण वाटेवर तिचा डोळा लागला.
लाहतीच्या पोरींना मात्र ती खुदकन हसली,
मास्तर कोण होता, विचारलं.

शेवटी कॅसेट.
तीन गाणी, फिकट, भिंतीपलीकडून आल्यासारखी,
मग वाद्यं खाली ठेवल्याचे आवाज
आणि एक पुरुष, माइकपासून लांब :
'नो नीन.'

'हा,' ती म्हणाली.

बाई, नो नीन तर सगळा देश म्हणतो.
सौना तापली की, बस आली की, डॉक्टर उठला की,
कबरीवर शेवटची माती पडली की.
पन्नास लाख माणसांचा हा एकच शब्द,
यावरून कुणाला ओळखणार?
हे सगळं ओठांवर होतं.
तिनं टेप मागे न्यायला सांगितली.
मी नेली.
नऊ वेळा.

जाताना तिनं विचारलं, हा कितवा?
चौथा, म्हटलं. कंसात चार.
तिनं बसच्या तिकिटामागे आकडा लिहिला
आणि शेजारी, मी नको म्हणत असताना, कंसही काढले.

रजिस्टरात मी काहीच बदललं नाही.
वेइक्को तुरपेइनेन, बास, लुम्मे, तीन.
पुरावा तोच सांगतो, माझा पगार पुराव्याचा आहे.

सहाला दिवा मालवला, किल्ली शोधली,
आणि सवयीनं म्हणून गेलो, नो नीन.
अंधारात, खणांच्या मधे,
तो आवाज कुणाचा
ते ऐकत जरा वेळ थांबलो.