बिशी

पॉवर हाऊस म्हणायचे साहेबलोक, आणि नोंदवही.
आम्ही वडगावचे. आम्ही बिशीकडं जातो म्हणायचो.

बॉयलर बोटीनं मुरगावला उतरला, तिथनं रेल्वेनं,
घाट चढताना म्हणे दोन इंजिनं लागली.
लाकूड खानापूरच्या जंगलातलं, बैलगाडीनं,
किंदळ, जांभा, मधूनच ओला नाणा.
ओल्या लाकडाला बा शिव्या घालायचा:
"रडतंय बघ. रडणाऱ्याची वाफ होत नाही."
भावकाणा मेणसे, फायरमन, तिकीट नंबर सात.
भुवया कायम जळालेल्या.
आई म्हणायची, लग्नात होत्या.

वाफ इंजिन फिरवायची, इंजिन डायनामो,
आणि डायनामोतनं निघालेली तार
आमच्या कौलांवरनं, कुठं न थांबता,
थेट कॅम्पात.
तिथं क्लबात पंखे. फाटकावर गोल दिवा,
खाली कुणी उभं नसलं तरी जळणारा.
आमच्यात कंदील.

पण वाफ दमली म्हणून संपत नाही.
तिला कुठंतरी जावं लागतं.
पहिली तीन वर्षं ती नाल्यात गेली.
मग मडगावचा मिनेझिस फोरमन होऊन आला.
त्यानं बघितलं, पहाटेच्या धुक्यात रंगारणी
कामाला लागण्याआधी
नाल्यात हात बुडवून बसतात, नुसत्या,
जशी माणसं देवळात बसतात.
त्यानं कुणाला विचारलं नाही.
एक जुना पाइप, चार हौद, पितळी चावी.
एवढीच योजना. कागदावर कधीच नव्हती.

निंगव्वा कोपरानं पाणी जोखायची.
लालला एक ऊन, मोरपंखीला दुसरं,
आमसुलीला तर ती बाला हाक मारून
अजून दोन ओंडके घाल म्हणायची,
आणि बा घालायचा.
त्या रात्री कॅम्पातले दिवे जरा जास्त उजळ.
का, ते तिकडं कुणालाच कळलं नाही.

तिथंच बायकांची भिशीही चाले, आठवड्याला एक आणा.
"बिशीत भिशी भरली" असं आई म्हणायची
आणि पाहुण्यांचा घोटाळा व्हायचा.

छप्पन्न साली पाटी बदलली.
पाटीवर दगड पडले, एकदा या बाजूनं, एकदा त्या.
बाची पाळी तीन ते अकरा.
त्यानं पाटीखालचे दगड पाटीत गोळा केले
(दुसऱ्या पाटीत, घमेल्याच्या)
आणि हौदाच्या खचलेल्या कडेला लावले.
चांगले बसले. कुणाचा कुठला, सांगता आलं नसतं.

मग शरावतीवरनं वीज आली.
आमच्या गल्लीत पहिला बल्ब, चाळीसचा.
दारं उघडी टाकून लोक बघत बसले.
त्याच आठवड्यात भट्टी विझली.
निंगव्वानं हौदात कोपर बुडवलं,
काढलं, पदरानं पुसलं.
बोलली काहीच नाही.
पुढं तिच्या सुताचा रंग उतरायला लागला,
आणि दिव्याखाली तो उतरलेला छान दिसायचा.

भंगाराच्या लिलावात मी नोंदवही चाळली होती.
लाकूड किती, युनिट किती, गैरहजर कोण.
बा चार वेळा. एकदा माझ्या जन्माला.
हौदांचं नाव नाही. कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता तिथं कुंपण आहे, ट्रान्सफॉर्मर आहे,
रात्री त्याच्या गुणगुणीला टेकून कुत्रं झोपतं.

परवा नातवाला सांगत होतो हे सगळं.
दुसरीत आहे, शाळा कन्नड.
मध्येच हसला. "आज्जा,
बिसी म्हणजे गरम की रे! बिसी नीरु!"

ठाऊक होतं की मला.
रोज हॉटेलात बिसी चहा मागतो.
पण दोन्ही शब्द एका जागी
कधी ठेवून पाहिले नव्हते.
सत्तर वर्षं मी ते गावाचं नाव समजत होतो.