पाच शब्द

इंदूरच्या तारघरात तीस वर्षं
बाबांनी लोकांची दुःखं मोजून घेतली,
शब्दागणिक पैसे.
लग्नाच्या शुभेच्छांना नुसता आकडा पुरायचा: आठ.

आता शाल्मलीताई मंगोलियात,
हिमबिबट्याच्या मागावर.
तिथं टॉवर नाही, रस्ताही नाही.
तिच्या पट्ट्याला अडकवलेली नारिंगी डबी
दर तासाला आभाळाला सांगते, ही इथं आहे.
आधीच ठरवून ठेवलेले निरोप तीन:
पोचले. उशीर होईल. सगळं ठीक.

बाबा वहीत उतरवतात
अक्षांश, रेखांश, वेळ,
मग पोह्यांवर जिरावन भुरभुरतात.
"ठीक म्हणजे किती, ते तारेत कधीच कळत नाही."

मंगळवारी ठिपका सहा तास हलला नाही.
आई त्याच त्या चष्म्याची काच पुसत राहिली.
बाबांचं बोट टेबलावर
कट्ट कड, कट्ट कड,
कुणाला, कोण जाणे.

दुपारी पावणेचारला, यादीत नसलेलं:
बिबट्या समोर होता. हलता येईना.

बाबांनी पुन्हा मोजून पाहिले.
"पाच," म्हणाले,
आणि वहीत काहीच न लिहिता
चपला घालून
लौंग सेव आणायला निघाले.