पोच

समितीच्या वहीत नोंद आहे:
एक हार्मोनियम, कुनैनच्या चाळीस बाटल्या,
एक वधू.

रोझीना. व्युर्टेम्बर्गच्या विणकराची लेक.
नवरा तिनं फोटोतच पाहिलेला.
बोट अक्राला लागली तेव्हा
त्याला पुरून एकोणीस दिवस झाले होते.

परतीच्या भाड्याची मंजुरी बासेलहून यायची,
म्हणजे पाच महिने.
तोवर करायचं काय?
माझ्या पणजीनं, कोरकोरनं,
तिला मासे खारवायला शिकवलं.
तिनं पणजीला काजं करायला.
देवाबद्दल दोघी काय बोलल्या, ठाऊक नाही.
एकीची भाषा दुसरीला धड येतच नव्हती.

मंजुरी आली.
ट्रंकेच्या तळाशी पडून राहिली.

आमच्याकडे अजून लग्नाच्या झग्याला
एक काज जास्तीचं असतं,
बटण नसलेलं.
कुणासाठी, ते
कुणी विचारत नाही.