पेपर चौथा

तुर्भ्याच्या कॅम्पसवर, चौथ्या मजल्यावर, एसी गळतो त्या खोलीत
आम्ही पाच जण युक्रेन शिकतो.
खालची फार्मसीची पोरं विचारतात, याला स्कोप काय?
स्कोप नाही. नकाशा आहे भिंतीवर,
एका कोपऱ्यात चिकटपट्टी सुटलेला.

प्रवेश घेतला तेव्हा बाबा म्हणाला,
"पोरां जथशी पलून आली त्योच ना ह्यो देस? न तू तथं निंगालीस?"
तिथे नाही रे बाबा. पुस्तकात.
"मंग ठीक हाय," म्हणाला, आणि मावरं साफ करायला बसला.

पहिल्या सत्रात भोपळा आला.
तिकडे मुलीला स्थळ पसंत नसलं
की मुलाच्या हातात भोपळा ठेवायचे.
मी एकटीच हसले. म्हटलं, आम्ही नारळ देतो,
पण कामावरून काढताना.
मिरोस्लावा बाईंनी ते चेर्निव्त्सीत बसून टिपून घेतलं
आणि पडद्यातून विचारलं,
मग तो माणूस तो नारळ घरी नेऊन खातो का?
मला माहीत नव्हतं. अजून नाही.

मग चुमाक आले.
बैलगाड्यांची रांग घेऊन दक्षिणेला मिठासाठी जाणारे,
साथ लागू नये म्हणून अंगात डांबरात बुडवलेले सदरे.
आकाशगंगेला तिकडे चुमाकांची वाट म्हणतात.
हे वाचताना मी घणसोलीत, गच्चीवर होते.
वर ठाणे-बेलापूर रस्त्याचा पिवळा उजेड,
आणि खाली, जिथे बाबा मीठ ओढायचा, तिथे सेक्टर.
मी अकरा पानं लिहिली: त्यांचं मीठ, आमचं मीठ.
बाईंनी समासात लिहिलं,
"छान. पण गाडीत चढायची घाई नको.
आधी बैलांची नावं विचारा."
दोन दिवस राग आला.
तिसऱ्या दिवशी नऊ पानं काढून टाकली.

नोव्हेंबरात, बोलता बोलता, बाईंची खोली काळी झाली.
लॅपटॉपच्या उजेडात नुसता निळा चेहरा.
"मेणबत्ती आणते. तुम्ही पान बासष्ट काढा."
मी टाइप केलं: आमच्याकडेही लाईट जाते.
बघत राहिले त्या ओळीकडे.
आमची जाते ती फिडर उडतो म्हणून.
खोडली.
लिहिलं: पान बासष्ट काढलं.

पान बासष्टवर झारचा एक अधिकारी होता.
त्याने कागदावर ठरवून टाकलेलं,
ही भाषाच नाही, खेडुतांची बिघडलेली बोली आहे.
मला सहावी ब आठवली.
फळा म्हण, सर म्हणाले.
फला.
केळं म्हण.
केला.
त्या हशावर वर्गाचा अख्खा तास निघाला.
मग आरशासमोर जीभ वळवून वळवून मी ळ कमावला,
पण घरी कधी नेला नाही.
हे प्रबंधात नाही. तिथे तळटीपा लागतात.

फैजान तुंगेकर कौशाहून येतो.
विनित्सात साडेतीन वर्षं डॉक्टरकी, मग एका बॅगेनिशी परत.
विभक्ती सात, त्याच्या सातही चुकतात.
पण वॉर्डातला एक प्रश्न त्याला झोपेतही येतो:
दे बोलित?
म्हणजे, कुठे दुखतंय?
मी वहीत देवनागरीत उतरवला आणि पेन थांबलं.
बोलित. बोलीत.
ऱ्हस्व-दीर्घाचा काय तो फरक.
योगायोग, बाई म्हणाल्या, यावर पेपर लिहू नका.
नाही लिहीत.

परवा बाबाला विचारलं, दे बोलित?
"कंच्या बोलीत?"
मी अर्थ सांगितला.
त्याने जरा वेळ घेतला, डावा पाय पुढे केला.
गुडघा, म्हणाला.
मग तो चोळता चोळता,
"न तुज्या त्या बाईला पन इचार."

तास मंगळवारी आहे,
त्यांच्याकडे लाईट असली तर.