तारा काढेपर्यंत

बांबोळीहून घरी आणली तेव्हा
शेवंतीचे दोन्ही जबडे तारांनी एकमेकांना बांधलेले.
अस्नोड्याच्या वळणावर स्कूटर घसरली.
हेल्मेटने डोकं राखलं, हनुवटी नाही.
डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे.
नळीतून जाईल तेवढंच.
दूध तिला लग्नाआधीपासून सोसत नाही
आणि बांगडा काही पेल्यात ओतता येत नाही.

मी सतरा वर्षं खाणीवर टिपर चालवला.
इंजिन उघडून रात्रीत परत बसवीन,
पण मिक्सरच्या झाकणाचं रबर कुठे असतं
हे तिला पाटीवर लिहावं लागलं:
दुसरी फळी. डावा डबा. आंधळ्या.

पहिल्या दिवशी तांबडी भाजी, चिकू, नारळाचा रस,
आणि थेट तिसरा गिअर.
झाकण उडालं.
छतावर तो डाग अजून आहे, गोव्याच्या नकाशासारखा,
फक्त पेडणं जरा मोठं आलंय.
ती नाकातून हसली,
मग हसल्यामुळे दुखलं म्हणून रडली.

बुधवारी डिचोलीच्या बाजारात
फर्मिनाच्या पाटीतला मयड्याचा घड उचलला
तर तिने माझ्या हातावर चापट मारली:
"मयड्याचें केळें तें! दळपाक न्हय."
रसबाळी दिली, आणि एक पपई फुकट.
शेवंतीचं सगळ्या बाजाराला कळलं होतं.

नाचणी रात्री भिजवायची,
सकाळी वाटून धोतराच्या फडक्यातून गाळायची,
मंद आचेवर ढवळत राहायचं, थांबलं की गुठळी.
निवली की माडाचा गूळ, केळं, दाट रस,
आणि पुन्हा एकदा मिक्सर, पहिल्या गिअरात.
पर्वरीचा भाचा फोनवर म्हणाला,
मामा, तू स्मूदी करतोस!
मी म्हटलं, मला वाटलं, तिजण पातळ झालं.

दुपारी काकडी, पुदिना, चिमूटभर जिरं.
संध्याकाळी भिजवलेले काजू आणि आमसुलाचं पाणी;
हे जमलं नाही, फाटलं,
मीच प्यायलो, उभ्याउभ्या, मोरीपाशी.

पेरू मी तीनदा गाळला होता.
तरी एक बी गेलीच,
तारेच्या नि दाताच्या मधे अडकली.
रात्री अकराला वीज गेलेली.
तोंडात टॉर्च धरून, काडीला कापूस गुंडाळून
मी तिच्या ओठांच्या आत बघत बसलो.
बावीस वर्षांत इतक्या जवळून
मी तिचे दात पाहिले नव्हते.
खालच्या ओळीत एक तिरका आहे.
कधीपासून, हे विचारता आलं नाही,
माझ्या तोंडात टॉर्च, तिच्या तोंडात तारा.
बी निघाली. तिने ती माझ्या तळव्यावर ठेवून घेतली,
बघितली,
आणि पाटी शोधली नाही.

शेवंती बसस्थानकावर
चौकशीच्या खिडकीत बसते.
माईक बिघडला तरी तिचा आवाज
पार रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत जायचा.
त्या सहा आठवड्यांत घरात बोलला तो मिक्सर,
आणि अंगणातल्या बंद टिपरच्या टपावर
दिवसभर कावळे.

तारा निघाल्या तेव्हा
तोंड एका बोटाएवढंच उघडलं.
बांबोळीच्या पायऱ्या उतरताना
ती आधी गप्प होती, मग हळूच म्हणाली,
साखळी. होंडा. वाळपई.
पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.
खाली उभी असलेली एक म्हातारी
आपली पिशवी उचलून निघालीसुद्धा.

त्या रात्री मी बांगड्याचं हुमण केलं,
काटे काढून, भात मऊ करून.
दोन घास खाऊन तिचा जबडा दमला.
ताट सरकवून तिने
फळीवरच्या पेल्याकडे बोट दाखवलं.
"तोंड आहे ना आता," मी म्हटलं, "बोल की."

पाटी अजून खिळ्यावर आहे.
पुसलेली नाही. वर तिच्या अक्षरात:
गूळ कमी. बाकी बरं.